फूटरेस्ट की सीट कुशन?

बराच वेळ खुर्चीत बसून दुखतं नेमकं कुठे, त्यावर निवड ठरते. मांडीच्या मागे, गुडघ्याच्या जरा वर रग लागते आणि संध्याकाळी पोटऱ्या जड होतात? मग खुर्चीची पुढची कड मांडीत रुतत असण्याची शक्यता जास्त. टेबलाला जुळवायला खुर्ची वर घेतली की टाचा अधांतरी राहतात आणि पायांचं वजन त्या कडेवर येतं. इथे फूटरेस्टच हवं. टाच आणि जमीन यांतलं अंतर मोजा, तेवढीच उंची पुरे. जास्त उंच घेतलं तर गुडघे कमरेच्या वर जातात आणि सगळा भार बसायच्या हाडांवर येतो. विकत घेण्याआधी झेरॉक्सच्या कागदाचं न फोडलेलं रीम पायाखाली ठेवून दोन दिवस बघा. ते साधारण 5 सेंटिमीटर जाड असतं.

माकडहाड दुखत असेल तर फूटरेस्टचा फारसा उपयोग नाही. यू आकाराची खाच असलेलं कुशन घ्या, खाच पाठीकडे (उलटं ठेवणारे कमी नाहीत). फोम अंगठ्याने दाबून पाहा. सहज तळाला टेकला तर बसल्यावर तो पुरता चेपणार.

पण कुशनची एक खोड आहे. चेपल्यावरही ते दोन-चार सेंटिमीटर उंची वाढवतं. खुर्ची तेवढी खाली घेतली नाही, तर टाचा उचलल्या जातात आणि माकडहाडाचं दुखणं मांडीत उतरतं. बुटक्या माणसाला म्हणूनच आधी फूटरेस्ट.

एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल, तर यातलं काहीच नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.