आठ महिने वाद्याविना

आमच्या हौशी गायनवृंदात आम्ही बावीस जण. गेले आठ महिने आम्ही फक्त समकालीन स्त्री-संगीतकारांच्या, स्त्री-पुरुषांच्या मिश्र आवाजांसाठी लिहिलेल्या आणि साथीला एकही वाद्य नसलेल्या रचना गातोय. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले असते तर ‘सुरेल, शांत, सोपं’ असं लिहून मोकळी झाले असते. बरं झालं, थांबले.

सोपं वाटलं ते एलेनॉर डेलीच्या ‘इन रिमेंबरन्स’मुळे. या कॅनेडियन संगीतकाराच्या 1993 च्या रेक्विएममधला (मृतांसाठीच्या प्रार्थना-रचनेतला) हा भाग. चारही आवाज (बायकांचे उंच सोप्रानो आणि खालचे अल्टो, पुरुषांचे उंच टेनर आणि खालचे बास) बहुतेक वेळ एकत्रच शब्द म्हणतात. दोन तालमींत पाठ झालं. मग रेकॉर्डिंग ऐकलं, तर शेवटापर्यंत आम्ही जवळजवळ अर्धा स्वर खाली आलो होतो! गाताना कुणालाच पत्ता नाही, कारण सगळे मिळूनच उतरलो.

कारण सापडायला दोन महिने गेले. घरच्या रियाजासाठी प्रत्येकाकडे की-बोर्डवर वाजवलेला ट्रॅक होता. आणि की-बोर्डचा गंधार हा तंबोऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो (अर्धा स्वर म्हणजे 100 सेंट). जो तो तोच गंधार घेऊन यायचा, एकत्र गाताना स्वर एकमेकांत मिसळायचे नाहीत, मग कुणीतरी आपला स्वर हळूच खाली सोडायचं आणि सगळ्यांचा षड्ज सरकायचा. ट्रॅक बंद केले, नुसता षड्ज-पंचम लावून गायला लागलो. निम्मा आजार तिथेच बरा झाला. उरलेला श्वासाचा.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला कॅरोलाइन शॉच्या ‘अँड द स्वॉलो’नं. 2017 ची रचना, बायबलमधल्या 84 व्या स्तोत्रावर बेतलेली. आठ आवाजांत विभागली की आमच्या चार टेनरांपैकी प्रत्येक ओळीला दोघेच उरतात; एकाला सर्दी झाली की तालीम रद्द. पण अल्टोत गाणाऱ्या मला इथे पहिल्यांदाच गाण्यासारखी ओळ मिळाली. एरवी आमच्या नशिबी मधली भरताड. बाईनं लिहिलंय म्हणून अल्टोला न्याय मिळाला, असं आमच्यातला एक जण म्हणाला. मला पटत नाही. शॉ स्वतः ‘रूमफुल ऑफ टीथ’मध्ये गाते, याच चमूसाठी लिहिलेल्या आठ आवाजांच्या ‘पार्टिटा’ला 2013 चं पुलित्झर मिळालं. गाणाऱ्याचा दम कुठे संपतो हे तिला आतून माहीत आहे.

कायया सारियाहोच्या ‘नुई, आद्यू’पुढे मात्र तीन आठवड्यांत हात टेकले. मूळ 1991 ची रचना चार आवाज आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी. 1996 च्या आवृत्तीत इलेक्ट्रॉनिक्सचं काम गायकवृंदानंच करायचं. कुजबुज, उसासे, सगळं कागदावर लिहिलेलं. ऐकायला अफाट, पण हौशी मंडळींनी लांबूनच नमस्कार करावा.

सेरा हॉपकिन्सची ‘पास्ट लाइफ मेलडीज’ उलट. सूर मोजके, शेवटाकडे ओव्हरटोन गायन, म्हणजे एकाच गळ्यातून मूळ सुराबरोबर वरचा बारीक सूरही ऐकू येणं. महिनाभर आम्ही नुसतेच घोगरे आवाज काढत होतो. मग एके दिवशी डोक्यावरून बारीक शीळ आली आणि आम्ही दचकून थांबलोच. रीना इस्माइलच्या ‘तारेकिटा’त तबल्याचे बोल आहेत; रोमन लिपीत त आणि ट सारखेच दिसतात, त्यामुळे तिथे मराठी जिभेचा फायदाच.

एक तक्रार. स्वरलिपीच्या डिजिटल प्रती विकत घेताना गायकांच्या संख्येइतक्या घ्याव्या लागतात, हे मान्यच. पण एका प्रकाशकानं किमान संख्येची अट पैसे भरताना दाखवली, ती आधी सांगायला हवी होती.

गेल्या आठवड्यात डेली पुन्हा रेकॉर्ड केलं. अजूनही उतरतो, पण आता कुठे ते ऐकू येतं: तिसऱ्या पानावर, टेनर श्वास घेतात तिथे.