कुठल्या शहरात घरं किती महागली: रेसिडेक्स, रिझर्व्ह बँकेचा निर्देशांक आणि ई-सर्च यांची पारख

ठाण्यातला फ्लॅट विकून पुण्याला जावं का, नागपूरचं जुनं घर काढून नवी मुंबईत घ्यावं का, असे विचार घरात सुरू झाले की प्रत्येकाकडे एक आकडा असतो. कुणी बिल्डरच्या जाहिरातीतला सांगतो, कुणी एजंटचा, कुणी सल्लागार कंपनीच्या अहवालातला. यातले बहुतेक आकडे मागितलेल्या भावाचे असतात, व्यवहार झालेल्या भावाचे नसतात. शहरांची तुलना नीट करायची असेल तर तीन सेवा फुकट उपलब्ध आहेत: राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’, रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक, आणि महाराष्ट्रापुरता नोंदणी व मुद्रांक विभागाचा ई-सर्च. तिघांची कामं वेगळी आहेत. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की चूक होते.

रेसिडेक्स २००७ साली सुरू झाला. आता त्याचं आधारवर्ष २०१७-१८ आहे, म्हणजे त्या वर्षीचा भाव १०० धरला आहे, आणि दर तिमाहीला ५० शहरांचे आकडे येतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा सगळ्यात सोयीचा, कारण मुंबई, पुणे, नागपूर, नाशिकबरोबर ठाणे, नवी मुंबई, पनवेल, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार, पिंपरी-चिंचवड आणि चाकणसुद्धा वेगवेगळे मिळतात. मुंबई महानगर म्हणून सगळं एकत्र कालवलं की काहीच कळत नाही. विरारचा वन बीएचके आणि वरळीचा टॉवर यांची सरासरी कुणाच्या कामाची? ती फोड इथे आधीच केलेली आहे, आणि माझ्या मते हाच रेसिडेक्सचा सर्वांत मोठा गुण. कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पणजीवाल्यांना मात्र इथून काही हाती लागत नाही.

रेसिडेक्समध्ये दोन वेगळे निर्देशांक आहेत आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पहिला मूल्यांकन-किमतीवर चालतो. कर्ज देताना बँका आणि गृहवित्त कंपन्या घराचं जे मूल्यांकन करून घेतात, ती त्याची माहिती. दुसरा बांधकाम चालू असलेल्या घरांच्या बाजारभावावर चालतो आणि त्याची माहिती बाजारातून गोळा होते. एका शहराचा आकडा पहिल्यातून आणि दुसऱ्या शहराचा दुसऱ्यातून उचलला तर तुलना तिथेच फसते. राहतं किंवा तयार घर विकायचं असेल तर पहिला बघा, नव्या प्रकल्पात बुकिंग करायचं असेल तर दुसरा. त्यातही घराच्या आकाराचे तीन गट आहेत: ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेट, ६० ते ११०, आणि ११०च्या वर. ६० चौरस मीटर म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट. तुमचा टू बीएचके ६२० कार्पेटचा असेल तर तो पहिल्या गटात पडतो. शहराचा एकूण आकडा बघण्यापेक्षा तो गट बघितलेला बरा, कारण एकाच शहरात लहान घरं आणि मोठी घरं एका वेगाने चढत नाहीत.

खोट कुठे आहे? एक म्हणजे उशीर. तिमाही संपल्यावर आकडे यायला काही महिने जातात. दुसरी खोट अशी की आकडा चार तिमाहींच्या भारित सरासरीने गुळगुळीत केलेला असतो. त्यामुळे एखाद्या तिमाहीतला वेडावाकडा उडालेला भाव झाकला जातो, हे चांगलंच, पण बाजार खरोखर वळला असेल तर तेही उशिरा दिसतं. भाव पडायला लागल्यानंतरही रेसिडेक्स काही काळ चढताच दिसू शकतो. तिसरी गोष्ट मूल्यांकनाची. व्हॅल्युअरच्या हातात करारनामा असतो आणि त्याचा आकडा बऱ्याचदा त्या रकमेच्या आसपासच फिरतो. कर्ज न काढता, पूर्ण पैसे मोजून घेतलेली घरं तर यात येतच नाहीत.

रिझर्व्ह बँकेचा निर्देशांक दुसऱ्या वाटेने येतो. राज्यांच्या नोंदणी खात्यांकडे नोंदलेले व्यवहार हा त्याचा पाया. जुन्या मालिकेचं आधारवर्ष २०१०-११ होतं आणि शहरं दहा: मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर, लखनौ, अहमदाबाद, जयपूर, कानपूर, कोची. म्हणजे महाराष्ट्रातून एकटी मुंबई. २०२५ मध्ये आधारवर्ष २०२२-२३ झालं आणि शहरं अठरा झाली. त्यात पुणे, ठाणे आणि नागपूर आले, शिवाय हैदराबाद, चंदीगड, तिरुवनंतपुरम, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर. तिमाही संपल्यावर साधारण दोन महिन्यांत आकडा येतो, म्हणून ताजेपणात रिझर्व्ह बँक पुढे.

शहराशहरांत फरक किती असतो ते याच निर्देशांकात ठळक दिसतं. जानेवारी ते मार्च २०२५ या तिमाहीत देशाचा एकूण आकडा वर्षभरात ३.१ टक्के वाढला होता. त्याच वेळी कोलकात्यात वाढ ८.८ टक्के होती आणि कोचीत २.३ टक्के घट. ‘देशात घरं तीन टक्के महागली’ हे वाक्य या दोन्ही शहरांतल्या माणसाला निरुपयोगी आहे.

नोंदणीवर चालणाऱ्या निर्देशांकाला सरकारी दराची सावली पडते, ही गोष्ट महाराष्ट्रात विशेष लक्षात ठेवायची. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, त्याने काढलेलं मूल्य व्यवहाराच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक वर गेलं तर फरकावर विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही आयकर लागू शकतो, शिवाय मुद्रांक शुल्क दोन्हींतल्या जास्त रकमेवर भरावं लागतं. म्हणून जिथे खरा भाव रेकनरच्या जवळपास आहे तिथे नोंदलेली रक्कम रेकनरला चिकटून राहते. १ एप्रिल २०२५ला रेकनर वाढला, मुंबईत सरासरी ३.३९ टक्के. असा बदल झाला की एप्रिल-जूनच्या आकड्यात थोडी वाढ नुसत्या दरपत्रकाची असू शकते. आणि ‘वर’ दिलेली रोख रक्कम तर कुठल्याच निर्देशांकात नसते.

मुद्रांक शुल्काची सवलतही आकडे हलवते. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात महाराष्ट्रात शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं होतं, मुंबईत पाचाचे दोन टक्के. पुढचे तीन महिने सवलत दोन टक्क्यांची होती. लोकांनी दस्त करून शुल्क भरलं आणि नोंदणी नंतर केली, कारण कायद्याने दस्त झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करता येते. त्यामुळे डिसेंबरमध्ये ठरलेला भाव मार्चच्या तिमाहीत नोंदला गेल्याची उदाहरणं भरपूर. मुंबईची बंगळूरशी तुलना करताना सुरुवातीची तिमाही म्हणून २०२०-२१च्या शेवटच्या दोन तिमाही घेऊ नका. २०१९-२० पूर्ण वर्षाची सरासरी घ्या.

आता प्रत्यक्ष हिशेब. निर्देशांक भाव सांगत नाही, भावातला बदल सांगतो. नागपूर १५० आणि मुंबई १३० दिसलं म्हणजे नागपूर महाग असं नव्हे. आधारवर्षापासून नागपूर जास्त वेगाने चढलं, एवढंच. तसंच अंश आणि टक्के वेगळे. १२० वरून १३२ म्हणजे १२ अंश, पण वाढ १० टक्के. दोन शहरं शेजारी ठेवायची तर तुम्हाला हवी ती एकच तिमाही दोघांसाठी १०० धरा: प्रत्येक शहराच्या सगळ्या आकड्यांना त्याच शहराच्या त्या तिमाहीच्या आकड्याने भागा आणि १०० ने गुणा. रिझर्व्ह बँकेची जुनी मालिका नवीशी जोडायची असेल तर दोन्हींत असलेल्या एकाच तिमाहीचे आकडे घ्या, नव्याला जुन्याने भागून गुणक काढा आणि जुन्या मालिकेला लावा. हे पुण्या-नागपूरसाठी करता येत नाही, कारण जुन्या मालिकेत ती शहरंच नाहीत. त्यांचा मागचा काळ रेसिडेक्समध्ये शोधावा लागतो. रेसिडेक्सचा जुना आकडा आणि रिझर्व्ह बँकेचा नवा आकडा मात्र एकमेकांना शिवू नका. माहितीचा उगमच वेगळा आहे, गुणक काढून तो एक होत नाही. तिमाही आर्थिक वर्षाच्या असतात हेही बघून घ्या: पहिली तिमाही म्हणजे एप्रिल ते जून. अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेल्या तक्त्यात ती जानेवारीपासून सुरू होते.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर, तिथला केस-शिलर निर्देशांक एकच घर दोनदा विकलं गेलं की त्या दोन किमतींची जोडी लावतो. २० शहरं, जानेवारी २००० म्हणजे १००. घर तेच असल्याने ‘यंदा मोठी घरं जास्त विकली गेली म्हणून सरासरी चढली’ ही भानगड बरीच टळते. आपल्याकडचे दोन्ही निर्देशांक हे काम आकाराचे गट पाडून आणि भार ठरवून करतात, पण मोहल्ला बदलला, जुन्या इमारतींऐवजी नव्या आल्या, तर तो फरक त्यातून पूर्ण निघत नाही.

महाराष्ट्रात अशी जोडी हाताने लावता येते. ई-सर्चवर वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की सूची क्र. २, म्हणजे सगळे ज्याला ‘इंडेक्स-२’ म्हणतात, ती दिसते. शोध रिकामा आला तर नवा कॅप्चा भरून पुन्हा करा, आणि गावाचं नाव सर्वे नंबरच्या नोंदीतलं घ्या, रोजच्या बोलण्यातलं नको. उघडलेल्या कागदावर चार रकाने महत्त्वाचे: (१) विलेखाचा प्रकार, (२) मोबदला, (३) बाजारभाव, (५) क्षेत्रफळ. मोबदला ही व्यवहाराची रक्कम. बाजारभाव म्हणजे रेकनरने काढलेलं मूल्य, नाव काहीही असलं तरी तो बाजारातला भाव नाही. या दोन रकान्यांची अदलाबदल करून वाढीचे तक्ते बनवणारे खूप भेटतात. तारखा दोन असतात: (९) दस्त करून दिल्याची आणि (१०) नोंदणीची. भाव नवव्या रकान्याच्या तारखेचा धरा.

मग चाळणी लावा. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र आणि पुनर्विकासात जुन्या सभासदाला मिळालेल्या पर्यायी जागेचे करार बाजूला काढा. त्यांचा मोबदला शून्य किंवा नाममात्र असतो. म्हाडा आणि सिडकोच्या सोडतीतली घरंही काढा. पार्किंग किमतीत धरलं आहे का ते चौथ्या रकान्यात वाचा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा, आणि ते कार्पेट आहे की बिल्टअप हे तपासा, कारण दोघांत १० ते २० टक्क्यांचा फरक सहज पडतो. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायदा, येण्यापूर्वीच्या दस्तांत तर ही चूक हमखास होते.

नमुन्यादाखल: एकाच इमारतीतला ६०० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट २०१८ मध्ये ६२ लाखांना आणि २०२४ मध्ये ८४ लाखांना गेला. दर फुटाला १०,३३३ वरून १४,०००, एकूण वाढ साडेपस्तीस टक्के, वर्षाला चक्रवाढीने साधारण ५.२ टक्के. इमारत सहा वर्षांनी जुनी झाली आहे, म्हणून जागेची खरी वाढ याहून थोडी जास्त. अशा एका इमारतीवर भिस्त ठेवू नका. एका भागातल्या चार-पाच इमारतींतल्या दहा-बारा जोड्या घ्या आणि सरासरीऐवजी मधला आकडा धरा, म्हणजे एखादा घरच्याघरी झालेला स्वस्त व्यवहार सगळं बिघडवणार नाही. दोन शहरांसाठी हे करायला एक रविवार पुरतो.

तुमचा मधला आकडा आणि त्या शहराच्या योग्य आकार-गटाचा रेसिडेक्स यांत वर्षाला एक-दोन टक्क्यांचा फरक असेल तर तो चालण्याजोगा आहे. त्याहून मोठा फरक आला तर आधी क्षेत्रफळ तपासा, मग मोबदल्याचा रकाना, मग तारीख. चूक बहुधा याच क्रमाने सापडते. रिझर्व्ह बँकेचे ताजे आकडे तात्पुरते असतात आणि पुढे सुधारले जातात, त्यामुळे नवी तिमाही आली की मागच्या तिमाहीचा आकडाही वहीत पुन्हा उतरवून घ्या.