ट्रॅक डेच्या आधी ब्रेक फ्लुइड बदला: मोटुल आरबीएफ ६०० चा अनुभव

रोजच्या वापरातली गाडी ट्रॅकवर न्यायची म्हटलं की सगळे आधी टायर, एक्झॉस्ट, रिम बघत बसतात, मीही तेच केलं होतं आणि पहिल्याच ट्रॅक डेला (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) चौथ्या लॅपला ब्रेकचं पेडल मऊ पडलं, दाबतोय तर थेट खालीच जातंय, दोन-तीनदा भराभर पंप केलं तेव्हा कुठे गाडी आवरली. खरं सांगतो, हातपाय गार पडले होते. ब्रेक फ्लुइड उकळलं होतं. कित्येक महिने न बदललेलं साधं डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक फ्लुइडचा ग्रेड). हे ग्लायकॉलवालं फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे डॉट ३ ला नवीन असताना किमान २०५ डिग्री उत्कलनबिंदू लागतो तो पाणी मुरल्यावर १४० पर्यंत आला तरी स्टँडर्डमध्ये बसतो, आणि एकदा वाफ झाली की तुम्ही पाय दाबता तेव्हा ती वाफच दबते, कॅलिपरपर्यंत (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जोर पोचतच नाही.

तेव्हापासून मोटुल आरबीएफ ६०० च भरतो. नवीन असताना ३१२ डिग्री! डॉट ४ ला किमान २३० लागतं, त्यावरून अंदाज घ्या. आता दिवसभर गाडी पिटाळली तरी पेडल सकाळी जसं होतं तसंच संध्याकाळी, आणि ब्रेकवर भरवसा असला की कॉर्नरकडे लक्ष देता येतं, हा फरक मला कुठल्याच महागड्या पार्टने दिला नाही.

बाटली ५०० मिलीची येते, जुनं सगळं काढायचं तर दोन आणा. चारही चाकं ब्लीड करताना (जुनं फ्लुइड आणि हवा बाहेर काढताना) रिझर्व्हॉयर, म्हणजे फ्लुइडची टाकी, रिकामा होऊ देऊ नका, नाहीतर हवा शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात. पेंटवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते. उघडी बाटली पुढच्या वेळेला ठेवू नका, आणि सिलिकॉनवाल्या डॉट ५ मध्ये हे अजिबात मिसळू नका.

कमी एकच, एकदा भरलं आणि विसरलो असं चालत नाही. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत ते लवकर लवकर बदलावं लागतं. फक्त ऑफिसला जायच्या गाडीला याची गरज नाही, साधं डॉट ४ वेळेवर बदला, पुष्कळ झालं.

अजून एक, फ्लुइड चांगलं म्हणून पॅड विसरू नका. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत, तिथे हे फ्लुइड काही करू शकत नाही. पॅडची जाडी आदल्या दिवशीच बघा, व्हील नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळा. शेवटचा लॅप निवांत मारून ब्रेक थंड होऊ द्या, आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडसर लावा.