ध प म रे ग, पाचशे वर्षांपूर्वीचे

(जोस्कँ दे प्रे : दोन मास. टॅलिस स्कॉलर्स, संचालन पीटर फिलिप्स, गिमेल रेकॉर्ड्स)

मी पुण्यात घरी गाणं शिकवते. भाच्याने इंग्लंडहून ही सीडी आणली, तेव्हा मुखपृष्ठावरच्या एका नावावर नजर अडकली : 'मिसा ला सोल फा रे मी'. सा म्हणजे त्यांचा दो धरला तर हे सरळ ध प म रे ग! एवढ्या पाच स्वरांवर जोस्कँ या युरोपीय संगीतकाराने चार आवाजांचा अख्खा मास (लॅटिनमध्ये 'मिसा', ख्रिस्ती उपासनेसाठीची गायनरचना) रचला आणि 1502 मध्ये तो व्हेनिसला छापलाही गेला. हा तुकडा दोनशेहून जास्त वेळा येतो. कधी टेनरमध्ये (पुरुषांच्या चढ्या आवाजात) ताणून, कधी वरच्या आवाजात लगबगीने. मी पेटीवर बोटं ठेवून त्याचा माग काढत बसले, तशी संध्याकाळ कधी सरली कळलंच नाही. बढत आपणही करतो, पण इथे ती एकाच वेळी चार गळ्यांतून होते.

ती ऐकू येते, याचं श्रेय फिलिप्स यांना. 1973 मध्ये ऑक्सफर्डला शिकत असतानाच त्यांनी हा गायकसमूह उभा केला आणि पुढचं सगळं आयुष्य या जुन्या रचनांना दिलं. प्रत्येक आवाजाच्या ओळीला बहुधा दोनच गायक, साथीला वाद्य नाही, आवाजात कंप नाही. कंप नसला की बेसूर लपवायला जागाच उरत नाही. दोघांचा सूर असा जुळतो की एकच तार छेडल्यासारखी वाटते. 1987 साली ग्रामोफोन मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा मान या सीडीला मिळाला. एवढ्या जुन्या संगीताला तो मान तोवर मिळालेला नव्हता. पुढे जोस्कँचे सगळे मास त्यांनी नऊ सीडींत पूर्ण केले, शेवटची 2020 मध्ये.

दुसरा मास 'पांजे लिंग्वा'. मूळ स्तोत्राची सुरावट भैरवी थाटाची, त्यामुळे कान लगेच रुळतो. पहिला किरिए (मासचा सुरुवातीचा भाग) खालच्या दोन आवाजांत सुरू होतो, मग तोच धागा वरचे दोन उचलतात. शेवटच्या आग्नुस देईमध्ये (मासच्या अखेरच्या भागात) ते स्तोत्र सर्वांत वरच्या आवाजात लांब स्वरांनी उलगडतं. तिथे मी दर वेळी हातातलं काम थांबवते.

एक खटकतं. भरगच्च जागी वरचे स्त्रीस्वर इतके झळाळतात की आतला आल्टो, म्हणजे वरून दुसरा आवाज, दबतो. क्रेडोमध्ये (मासमधल्या श्रद्धेच्या कबुलीच्या भागात) शब्द भराभर येतात, तरी आवाजाची पातळी एकसारखीच राहते. तिथे थोडा चढउतार मला हवा होता.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र लावू नका, खालचा आवाज पार नाहीसा होतो. परवा शिकवणीच्या मुलींना किरिए ऐकवला. एकीने विचारलं, "ताई, चौघांतलं कुणाचं ऐकायचं?" म्हटलं, आज फक्त सगळ्यात खालचा धर. उद्या त्याच्या वरचा.