लेदर लेसिंग किट, पावसाळाभर वापरून: छिन्नीला पैकीच्या पैकी, वादीला शून्य

लेसिंग म्हणजे कातड्याच्या काठाला चिरा पाडून त्यांतून वादी, म्हणजे कातड्याची अरुंद पट्टी, गुंफत जायची. त्यासाठीच्या या किटमध्ये काय काय येतं ते सगळीकडे दिलेलं आहे, म्हणून ती यादी पुन्हा लिहीत नाही. लिहायला बसले ते एका कारणासाठी. भावाला करून दिलेल्या पाकिटाची डबल लूप, म्हणजे वेणीसारखी दुहेरी गुंफलेली, किनार खालच्या कोपऱ्यात तुटली, आणि विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "लेदर नैसर्गिक असतं मॅडम, असं होतं."

असं होत नाही. माझ्या आईकडे शांतिनिकेतनची एक पर्स आहे, तिच्या लग्नाच्याही आधीची. रवींद्रनाथांचे पुत्र रथींद्रनाथ टागोर आणि त्यांच्या पत्नी प्रतिमादेवींनी तिथे रुजवलेल्या कातडीकामातली, ठशाची नक्षी असलेली, कडेने वादी गुंफलेली. साधी व्हिप स्टिच आहे, म्हणजे भोकातून काठावरून, भोकातून काठावरून. नक्षीचा रंग उडालाय, आतलं अस्तर दोनदा बदललंय, पण किनारीची वादी एका ठिकाणीही तुटलेली नाही. तेही नैसर्गिक लेदरच आहे. तेव्हा हे उत्तर मला मान्य नाही.

आधी चांगलं सांगते, कारण या किटमध्ये एक गोष्ट खरोखर उत्तम आहे आणि तिच्यामुळेच मी हे काम शिकले. चार दातांची लेसिंग छिन्नी. शिलाईचं काम मी आधीपासून करत होते, सॅडल स्टिच वगैरे, त्यामुळे भोकं पाडायची सवय होती. पण लेसिंगला गोल भोक चालत नाही. गोल पंचने कातडं कापून बाहेर काढलं जातं आणि वादी त्या भोकात सैल बसते. या छिन्नीचे दात चपटे आहेत, ३/३२ इंच म्हणजे साधारण २.४ मिलिमीटर रुंदीचे, आणि ते फक्त चीर पाडतात. कातडं जागच्या जागी राहतं, वादी आत गेली की चीर तिच्यावर मिटते. काठापासून ३ मिलिमीटरवर कंपासने रेघ ओढायची, पहिला ठोका मारायचा, मग पुढच्या वेळी पहिला दात आधीच्या शेवटच्या चिरेत ठेवायचा. असं केलं की अंतर आपोआप सारखं राहतं. किनार सुंदर दिसते ती नव्वद टक्के या सारख्या अंतरामुळे. वादी कितीही निगुतीने ओढा, चिरा वेड्यावाकड्या असतील तर किनार वाकडीच दिसणार.

दातांची धार अजून टिकून आहे. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून वापर झाला की शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवते, एवढंच. गोलाईसाठी एका दाताची छिन्नी सोबत येते, तीही चांगली. या दोन छिन्न्यांसाठी मी हे किट पुन्हा घेतलं असतं, असं पहिल्या महिन्यात मी मैत्रिणींना सांगत होते. आता तसं सांगत नाही, त्याचं कारण पुढे.

शिकण्याचं म्हणाल तर व्हिप स्टिच एका बैठकीत येते. सिंगल लूपही अवघड नाही. डबल लूपला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यावा, कारण पाकिटाची खरी शोभा तिच्यातच आहे. पुढून मागे चिरेतून वादी काढायची, काठावरून पुढे आणायची, पुढच्या चिरेतून पुन्हा मागे. आता काठावर वादीची फुली दिसते. सुई त्या फुलीच्या खालून काढायची, ओढायची, मग पुढची चीर, पुन्हा फुलीखालून. हे दोन हात जुळले की काठावर वेणी उभी राहायला लागते. ती पहिल्यांदा सरळ आणि सारखी आली तेव्हा मी ते काम हातातून खाली ठेवलं नाही, जेवणाची वेळ टळून गेली. दोन गोष्टींकडे सतत लक्ष हवं: वादीची गुळगुळीत बाजू कायम वर, आणि प्रत्येक वेळी ओढ सारखी. कोपऱ्यावर एकाच चिरेतून दोनदा, टोकदार कोपरा असेल तर तीनदा जायचं, म्हणजे वेणी पंख्यासारखी पसरते आणि कोपरा उघडा पडत नाही. किटच्या व्हिडिओत कोपरा दाखवलेलाच नाही. सरळ रेघ दाखवून व्हिडिओ संपतो. पाकिटाला चार कोपरे असतात, हे किट बनवणाऱ्यांना माहीत असायला हवं.

आता पैशाचं. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय की डबल लूपला काठाच्या पाचपट वादी घ्या. पाचपटीत सिंगल लूपसुद्धा जेमतेम होते. डबल लूपला सातपट ते आठपट लागते, कातडं जाड असेल तर त्याहून थोडी जास्त. उघडलेल्या पाकिटाचा काठ चारी बाजूंनी मिळून ६३ सेंटिमीटरच्या आसपास धरा. पाचपट म्हणजे तीन मीटर पंधरा, आठपट म्हणजे पाच मीटर. पावणेदोन मीटरहून जास्त फरक. किटच्या रिळावर दहा मीटर वादी आहे, आणि "तीन पाकिटं होतात" असं खोक्यावर छापलंय. दोन होतात, आणि त्यातही जोडण्या, सरावाचे तुकडे, खराब झालेली टोकं धरली तर दुसऱ्याच्या शेवटाला जीव टांगणीला लागतो. सुटं रीळ मागवायला गेलं तर त्याची किंमत किटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. पाचचा आठ छापायला काही खर्च येत नाही, पण मग "तीन पाकिटं" म्हणता येणार नाही.

हे सगळं मी सोडून दिलं असतं, वादी चांगली असती तर.

वादी दिसायला देखणी आहे. गडद तपकिरी, चकचकीत, रुंदी सगळीकडे अगदी सारखी. पण हा चकचकीतपणा कातड्याचा नाही, वर चढवलेल्या रंगाच्या थराचा आहे. पाकीट खिशात रोज वाकतं, त्या वाकण्याने आधी थराला पांढऱ्या रेषा पडल्या, मग पापुद्रे सुटले, आणि आतलं कातडं इतकं विरविरीत निघालं की कोपऱ्यावर सरळ तुटलं. डबल लूपमध्ये एक फेरा तुटला की शेजारचे फेरे सैल पडतात, कारण प्रत्येक फेरा आधीच्या फुलीत अडकलेला असतो.

विक्रेत्याशी पत्रव्यवहार बरेच दिवस चालला. आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली. मला सवलत नको होती, दुसरी वादी हवी होती. शेवटी रीळ बदलून दिलं, काळ्या रंगाचं. त्यांनी पाठवलं हे मान्य करायला हवं, आणि काळ्याचा थर तपकिरीपेक्षा थोडा बरा निघाला. त्याच्यावर चष्म्याचं घर केलं, व्हिप स्टिचचं. ते टिकलंय. त्यामुळे मधल्या काळात माझं मत थोडं मवाळ झालं होतं.

मग काळ्याच वादीने डबल लूपचं दुसरं पाकीट केलं आणि पुन्हा पांढऱ्या रेषा आल्या. या वेळी नीट पाहिलं तर त्या सगळीकडे नव्हत्या. प्रत्येक जोडाच्या अलीकडे होत्या. तिथून उलगडा झाला. दोन मीटर वादी घेतली तर डबल लूपमध्ये तिच्यात पंचवीसेक सेंटिमीटर काठ होतो. तेवढ्यात पन्नासच्या वर चिरा, आणि प्रत्येक चिरेला वादी दोनदा ओढली जाते, एकदा चिरेतून, एकदा फुलीखालून. म्हणजे सुईजवळचं टोक शंभराहून जास्त वेळा घासलं जातं, आणि मागचं टोक जेमतेम एकदा-दोनदा. साहजिकच थर सुटतो तो सुईकडच्या बाजूला, जोड येण्याच्या थोडं आधी. पुस्तिका सांगते की जोड टाळण्यासाठी जमेल तेवढी लांब वादी घ्या. हा सल्ला वादीचा जीव घेणारा आहे. दीड मीटरहून लांब घेऊच नका, आणि जोड नीट करायला शिका: जुन्या वादीचं शेवटचं दोन सेंटिमीटर टोक आतल्या खरबरीत बाजूने छिलायचं, नव्या वादीचं वरच्या गुळगुळीत बाजूने, फेविबॉण्ड लावून एकमेकांवर बसवायचं, हातोडीने हलकं ठोकायचं. नीट केलेला जोड शोधून सापडत नाही.

वादी आखूड घेतल्यावर काळ्या रिळाचं काम नक्की सुधारलं. कोपरे मात्र तरीही तडकले.

सप्टेंबरमध्ये लग्नासाठी कोल्हापूरला गेले होते तेव्हा दोन्ही रिळांचे तुकडे पर्समध्ये घेऊन गेले. चप्पल लाइनीत एका दुकानामागे म्हातारे कारागीर बसले होते, पुढ्यात रापी, आरी आणि पाण्याची वाटी. कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो, तळ कातड्याच्या वादीनेच शिवला जातो, वरची वेणी बहुतेक घरातल्या बायकाच घालतात. वादी कशी असावी हे त्यांना विचारायचं नाही तर कुणाला? त्या कारागीर मामांनी माझी तपकिरी वादी दुहेरी दुमडली, घडीवर नख दाबलं, आणि पापुद्रा उचलून माझ्या हातावर ठेवला.

"ताई, वरनं रंगच हाय नुसता. कातडं कुठाय ह्यात?"

मग स्वतःची वादी दिली. बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेलं कातडं, पाण्यात बोटं बुडवून ती ओलसर केली आणि म्हणाले, "वादी वाकवली की तिनं गप वाकाय पायजे." मी दुमडली, नख दाबलं, काही झालं नाही. रंग आरपार होता, वर थरच नव्हता. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून, आणि मध्यंतरी मिलानच्या फॅशन शोमुळे तिची जगभर चर्चा झाली. त्या चर्चेत चपलेचे फोटो भरपूर आले, पण वादीबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं माझ्या वाचनात आलं नाही. मला वाटतं, सगळं कसब तिथे आहे.

चपलेची वादी पाकिटाला जाड पडते. म्हणून धारावीतून वनस्पतींवर कमावलेलं बकऱ्याचं एक कातडं आणलं, एक मिलिमीटरच्या आतलं, आणि वादी घरीच कापायला लागले. कातड्यातून गोल तुकडा कापायचा आणि काठापासून आत गोल गोल कापत जायचं. हिशेब फार समाधान देणारा आहे. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. ३ मिलिमीटर रुंदीने कापलं तर दहा मीटरच्या वर वादी. मधला रुपयाएवढा भाग वाया जातो, तो जाऊ द्या. रुंदी ३ मिलिमीटर ठेवायची कारण ओली करून ताणली की ती लांबते आणि अरुंद होते, बरोबर छिन्नीच्या चिरेएवढी. ताणल्याने गोल कापल्याचा बाकही निघतो. पाट्यावर एक खिळा ठोकून, खिळ्यापासून ३ मिलिमीटरवर पातं उभं रोवायचं, वादी त्यांच्यामधून ओढत न्यायची. पातं नवं हवं, दर गोलाला बदलायचं. एका कातड्यातून असे सात-आठ गोल निघतात. म्हणजे किटच्या सात-आठ रिळांएवढी वादी, आणि पूर्ण कातड्याला मी मोजले ते दोन रिळांच्या पैशांहूनही कमी.

या वादीचं पाकीट तेव्हापासून माझ्याच वापरात आहे, मुद्दाम मागच्या खिशात ठेवते, रोज लोकलने जाते. कोपऱ्यावर रेष नाही. हाताच्या तेलाने रंग गडद होत चाललाय, तो मला आवडतो.

परदेशात या कामासाठी कांगारूच्या कातड्याची वादी सर्वांत चांगली मानतात. त्याचे तंतू पृष्ठभागाला समांतर असतात, त्यामुळे पातळ कापूनही ताकद राहते. पण ती आयात करण्याचा खर्च पाहिल्यावर मी विषय बंद केला. आपल्या बकऱ्याच्या कातड्यावर माझं भागतंय.

किटच्या सुईबद्दल थोडक्यात: दोन दातांची चपटी सुई, वादी दातांत धरून चिमटायची. घरच्या मऊ वादीवर ती चांगली धरते, रिळाच्या गुळगुळीत थरावरून सटकते. त्याऐवजी आत आटे असलेली पितळी सुई मिळाली तर ती घ्या. वादीचं टोक निमुळतं कापून स्क्रूसारखं फिरवून बसवायचं, मग ओढताना सुटत नाही.

एक गोष्ट लेसिंगच्या बाजूने आवर्जून सांगते. राजस्थानातल्या जवाजाला १९७५ मध्ये आयआयएम अहमदाबादचे रवी मथाई, त्यांचे सहकारी आणि एनआयडी या डिझाइन संस्थेच्या मंडळींनी तिथल्या कारागिरांसोबत काम सुरू केलं, त्यातून आलेल्या बॅगा आजही शिलाईऐवजी वादीने जोडतात. अशी बॅग उसवली तर नवी वादी ओवून पुन्हा उभी करता येते, मशीन लागत नाही. भावाच्या पाकिटाचंही तेच केलं. जुनी वादी काढली, चिरा शाबूत होत्या, त्याच चिरांतून घरची वादी ओवली. एका रविवारी दुपारी झालं.

म्हणून किट पूर्ण घेऊ नका. चार दातांची आणि एका दाताची छिन्नी सुटी मिळते, दोन्ही ३/३२ इंचाच्या घ्या, दोन्हींची रुंदी सारखी आहे ना ते कागदावर ठसा मारून तपासा. सोबत नायलॉनची किंवा लाकडी मोगरी, खाली ठेवायला प्लास्टिकचा जाड पाटा, बकऱ्याचं एक कातडं. सरावाला रंगीत नको, कोरंच घ्या, चिरा स्पष्ट दिसतात. कातडं पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवू नका, बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून, हवा लागेल अशा फळीवर ठेवा, आणि कापलेली वादी पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळा, गाठ न मारता.