दिवाळी ते पोळा : वायरलेस हेडफोनसोबतचे दहा महिने

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सीताबर्डीच्या एका दुकानातून मी साडेसहा हजार रुपयांचा, कान पूर्ण झाकणारा ब्लूटूथ हेडफोन घेतला. परवा पोळा झाला, म्हणजे रोजच्या वापराला आता दहा महिने होत आले आहेत आणि नागपूरची थंडी, नवतपा व पावसाळा या तिन्हींतून तो गेला आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक हेडफोनांची आतली रचना सारखीच असते आणि मला जे सांगायचे आहे ते त्या रचनेविषयीच आहे. गाणे ऐकणे आणि फोनवर बोलणे ही कामे एकच वस्तू करते, म्हणून ती एकाच दर्जाने होत असतील असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ब्लूटूथ ही दोन कामे दोन वेगळ्या वाटांनी करते, आणि गाण्यात मन जिंकणारा हेडफोन बोलण्यात अगदी सामान्य निघू शकतो. घेण्यापूर्वी हे मला कुणी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

मी लेखापरीक्षणाच्या कामात आहे. आठवड्यातील तीन दिवस सुभाषनगरहून मेट्रोने सीताबर्डीला येतो, तिथे गाडी बदलून उज्ज्वलनगरला उतरतो; उरलेले दोन दिवस घरून काम असते आणि त्या दिवसांत क्लायंटशी बोलणे तीन-तीन तास चालते. प्रवासात आणि रात्री जेवणानंतर गाणे ऐकतो, त्यातही शास्त्रीय कंठसंगीत आणि तबल्याचे एकल वादन अधिक.

पहिल्या रात्री एक विलंबित ख्याल लावला तेव्हा डग्गा फुगलेला वाटला. 'धा' पडला की खालचा नाद कानात साचून राही आणि तानपुऱ्याच्या खर्जाची तार त्याखाली दबून जाई. या किमतीत खर्जाकडचा आवाज मुद्दाम उचललेला असतो, हे दुकानात तीन-चार जोड्या ऐकताना लक्षात आले होतेच. हेडफोनसोबतच्या अॅपमधील इक्वलायझरमध्ये, म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करण्याच्या सोयीत, मी १२५ हर्ट्झची पट्टी ३ डेसिबलने आणि २५० हर्ट्झची २ डेसिबलने खाली आणली, बाकी कशालाही हात लावला नाही, आणि तेवढ्याने ऐकण्याचा सगळा अनुभव बदलला. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घसीट आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट कळते, तानपुऱ्याची जवारी मोकळी होते आणि गायकाने श्वास घेतलेलाही ऐकू येतो. आठवडाभर ऐकूनही आवाज मनासारखा वाटला नाही तर वस्तू परत करण्याआधी एवढी खटपट प्रत्येकाने करून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

कोडेकविषयी फार चर्चा होते, म्हणून थोडे लिहितो. ब्लूटूथवरून गाणे जाताना ते दाबून लहान केले जाते, त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. सर्वत्र चालणाऱ्या एसबीसी पद्धतीत सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत आणि एलडॅकमध्ये कमाल ९९० किलोबिटपर्यंत माहिती जाते. माझ्या हेडफोनमध्ये दोन्ही सोयी आहेत. मेट्रोत मला या दोन्हींत काडीचाही फरक कळला नाही. रात्री शांत खोलीत एकाच ठिकाणी फरक जाणवला : मैफलीच्या ध्वनिमुद्रणात शेवटी टाळ्यांचा जो कडकडाट होतो, तो एसबीसीवर वाळू चाळल्यासारखा एकजीव ऐकू येतो, तर एलडॅकवर टाळ्या सुट्या होतात. केवळ यासाठी दोन-तीन हजार अधिक मोजावेत असे मला वाटत नाही.

बाहेरचा गोंगाट कमी करणाऱ्या सोयीची, म्हणजे नॉइज कॅन्सलेशनची, खरी परीक्षा माझ्या घरी एप्रिलमध्ये सुरू झाली, कारण आमच्याकडे एप्रिल ते जून कूलर बंद होतच नाही. या सोयीत हेडफोनच्या कपावरचे माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या नेमकी उलटी लहर आत सोडतात. दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. संथ, एकसुरी आणि खालच्या पट्टीतल्या आवाजाला हे चांगले जमते, क्षणोक्षणी बदलणाऱ्या किंवा वरच्या पट्टीतल्या आवाजाला जमत नाही. कूलरसमोर बसून बटण दाबले की पंख्याची घरघर जणू कुणी दार लोटून घेतल्यासारखी विझते, पण वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकल्याचा बारीक आवाज तसाच राहतो आणि आधी जो कधी लक्षातही आला नव्हता तो ठळकपणे ऐकू येऊ लागतो. मला तो आवडतो, हे वेगळे सांगायला हवे.

मात्र कूलरची हवा थेट कानावर येत असेल तर हीच सोय उलटते. हवेचा झोत माइकच्या छिद्रांवर आपटतो, माइकला तो आवाज वाटतो आणि कानात फडफड सुरू होते. पहिले दोन दिवस मी वस्तू बिघडली असे समजलो होतो. खुर्ची हातभर बाजूला सरकवली आणि फडफड थांबली. मेट्रोत गाडीच्या मोटारीचा व वातानुकूलनाचा घोष जवळजवळ नाहीसा होतो, पण स्थानकांची घोषणा ऐकू येते, आणि सीताबर्डीला गाडी बदलायची असल्यामुळे ते माझ्या सोयीचेच आहे. परवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीच्या वेळी मी इतवारीत एका क्लायंटच्या दुकानात होतो; ढोलताशांपुढे या सोयीचा काहीही इलाज चालला नाही, आणि चालेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

या सोयीचा मला झालेला सर्वांत मोठा लाभ कानांच्या आरोग्याचा आहे. आधीच्या साध्या इयरफोनवर मेट्रोत मी आवाज पाऊण पट्टीपर्यंत नेत असे, आता निम्म्याच्याही खाली तेच गाणे पुरेसे ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे, पण तीच पातळी ९० डेसिबलवर गेली की ही मर्यादा ४ तासांवर येते. रोज दोन तास प्रवास करणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतःशी मांडून पाहावा.

आता बोलण्याकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. हेडफोन घेतल्याच्या चौथ्या दिवशी यवतमाळला आईला फोन लावला. मला तिचा आवाज उत्तम येत होता. ती मात्र दोन मिनिटांनी म्हणाली, "काहून रे, विहिरीत बसून बोलून राहिला का तू?" मी हसलो आणि विषय सोडून दिला. पुढे जानेवारीत लॅपटॉपवरून चाललेल्या एका बैठकीत मी एका खर्चाची रक्कम "साठ हजार" सांगितली आणि समोरच्या सहकाऱ्याने "आठ हजार" लिहून घेतली. ताळा जुळेना, म्हणून आम्ही तासभर कागद उलटेपालटे करत बसलो, तेव्हा कुठे चूक माझ्या तोंडची नसून मधल्या वाटेतली आहे हे उघड झाले.

कारण समजून घेतले ते असे. गाणे ऐकताना माहिती एकाच दिशेने, फोनकडून हेडफोनकडे जाते, त्यामुळे सगळी वाट तिच्यासाठी मोकळी असते. बोलताना आवाज दोन्हीकडे आणि तोही विलंब न लावता न्यावा लागतो, म्हणून ब्लूटूथ दुसऱ्याच, अरुंद वाटेवर जाते. त्या वाटेच्या जुन्या प्रकारात आवाजाचे नमुने सेकंदाला फक्त ८००० घेतले जातात, आणि नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेच्या वरचे काहीही त्यात उरू शकत नाही, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचा सगळा आवाज गळून पडतो. आपल्या 'स' आणि 'श'चा बराचसा जोर नेमका त्या वरच्या पट्टीत असतो. 'साठ'मधला 'स' गेला की 'आठ' उरतो. नव्या प्रकारात सेकंदाला १६००० नमुने घेतले जातात आणि 'स' बऱ्यापैकी शाबूत राहतो, पण तो प्रकार हेडफोन आणि समोरचे यंत्र या दोघांनाही यावा लागतो. माझ्या फोनला तो येतो, कार्यालयाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपला येत नाही. त्यात भर म्हणजे माइक तोंडासमोर नसून कानाच्या कपावर, ओठांपासून दहा-बारा सेंटीमीटर मागे आहे, त्यामुळे खोलीचा घुमारा आवाजात मिसळतो. आईला विहीर आठवली ती त्या घुमाऱ्यामुळे.

लॅपटॉपपुरता उपाय सोपा निघाला. बैठकीच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन ठेवायचा आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडायचा. मग हेडफोनचा माइक जागाच होत नाही, ब्लूटूथ गाण्याच्याच रुंद वाटेवर राहते आणि समोरच्यांचा आवाजही मला अधिक भरदार येतो. जानेवारीनंतर रकमेचा घोटाळा एकदाही झाला नाही. कूलर चालू असेल तेव्हा मात्र लॅपटॉपचा माइक ती घरघर उचलतो, म्हणून उन्हाळ्यात बैठकीपुरता मी कूलरचा पंखा बंद करून फक्त पाण्याचा पंप चालू ठेवत असे. फोनवर आईशी बोलायचे असले की हेडफोन काढून फोन सरळ कानाला लावतो. तिला कमी ऐकू येते. तिच्या बाजूची स्पष्टता माझ्या सोयीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

फोन आणि लॅपटॉप दोन्ही एकाच वेळी जोडलेले ठेवण्याची सोय कामाची आहे, पण लॅपटॉपवर एखादा निरोप टिंग वाजला की फोनवरचा राग क्षणभर तुटतो. ऐन समेच्या आधी असे झाले की फार खटकते, म्हणून ऐकायला बसताना लॅपटॉप तोडून ठेवतो. तबल्याच्या रियाजासाठी लेहऱ्याचे, म्हणजे ताल धरून पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेचे, अॅप लावायचे असेल तर वायरलेसचा विचारच करू नये. आवाज कानापर्यंत पोहोचायला सेकंदाचा लहानसा अंश उशीर होतो. ऐकताना तो कळत नाही, पण आपण स्वतः वाजवत असलो की सम चुकते. हेडफोनला ३.५ मिलिमीटरची साधी वायर लागते, रियाजाला मी तीच लावतो.

सुरुवातीला सीताबर्डीच्या फलाटावर गाणे वारंवार तुटत असे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, वाय-फायही बरेचसे तिथेच असते, म्हणून मी सगळा दोष गर्दीला देत होतो. नंतर ध्यानात आले की फोन माझ्या पँटच्या डाव्या मागच्या खिशात असे आणि हेडफोनचा सगळा कारभार उजव्या कपात आहे. शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते, त्यामुळे मधे माझेच शरीर आडवे येत होते. फोन शर्टाच्या खिशात ठेवू लागलो तेव्हापासून फलाटावर गाणे क्वचितच तुटते.

बॅटरी पहिल्या महिन्यात नॉइज कॅन्सलेशनसह ३२ तास चालत होती, ऑगस्टअखेर मोजली तेव्हा २७ तास चालली. माझ्या मते यात उन्हाळ्याचा वाटा आहे. मे महिन्यात एका दुपारी मी हेडफोन मेट्रोच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या डिक्कीत विसरलो. संध्याकाळी हात लावला तेव्हा कप चटका बसावा इतके तापले होते, आणि घरी चार्जर लावला तर दिवाच लागेना. तासाभराने, थंड झाल्यावर, चार्जिंग आपोआप सुरू झाले. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे आणि चांगल्या यंत्रात ती काळजी घेणारी योजना आतच असते. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतला पाराच कित्येकदा ४५ अंशांवर जातो. म्हणून आता चार्जिंग पहाटे करतो, आणि गाडी चालवताना हेडफोन तसाही वापरत नसल्यामुळे तो डिक्कीऐवजी पाठीवरच्या पिशवीत ठेवतो.

सर्वांत आधी हार मानली ती कानाच्या गाद्यांनी. सातव्या महिन्यात आंघोळीनंतर आरशात कानामागे काळे कण दिसले. आधी मळ वाटला, मग गादीचे रेक्झिन सुटत असल्याचे कळले. घाम आणि दमट हवा यांनी हे कृत्रिम चामडे आतून कुजते व त्याचे पापुद्रे निघतात. सेवा केंद्राने गाद्या वॉरंटीत येत नाहीत असे सांगून हात वर केले, आणि वर्षभराची वॉरंटी असलेल्या वस्तूचा रोज अंगाला लागणारा भाग सात महिन्यांत जावा हे मला आजही मान्य नाही. शेवटी सीताबर्डीवरच ४५० रुपयांत कापडी गाद्या मिळाल्या आणि त्या दहा मिनिटांत घरी बसवल्या. कापडातून हवा थोडी निसटते, त्यामुळे खर्ज जरा कमी झाला आणि नॉइज कॅन्सलेशनही थोडे हलके पडले. इक्वलायझरमध्ये खाली आणलेली १२५ हर्ट्झची पट्टी पुन्हा दीड डेसिबलने वर घेतली. घाम मात्र पूर्वीच्या निम्माही येत नाही. गाद्या काढता येतात का आणि त्या सुट्या मिळतात का, हे दोन प्रश्न दुकानदाराला आधीच विचारावेत.

आणि दुकानात गाणे ऐकून झाल्यावर तिथूनच घरच्या एखाद्या माणसाला फोन लावावा. रस्त्याकडच्या दारात उभे राहून साठ, आठ, सात, शंभर असे पाच-सहा आकडे एका दमात म्हणावेत आणि पलीकडच्याला ते कागदावर उतरवून घ्यायला सांगावे. कागदावर काय आले ते ऐकून मगच पैसे काढावेत.