डकडीबी: सीएसव्हीवर थेट एसक्यूएल चालवायचंय त्यांच्यासाठी

ज्यांना रोज मोठमोठ्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला तक्ता ठेवणाऱ्या साध्या) फाइल्स चाळाव्या लागतात त्यांनी डकडीबी हे डेटाबेस टूल घ्याच. अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत बनलेलं, 2019 मधे पहिल्यांदा आलं, 2024 मधे त्याची 1.0 आवृत्ती आली, पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स. एकच फाइल डाउनलोड करायची, सर्व्हर नाही की काही नाही, टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडा आणि एसक्यूएलमधे, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, सिलेक्ट स्टार फ्रॉम (SELECT * FROM) लिहून पुढे अवतरणात फाइलचं नाव टाका, झालं, टेबल बनवायला नको, इम्पोर्ट नको, कॉलमचे टाइप पण तेच ओळखतं. एक्सेल 10,48,576 ओळींवर थांबतं, इथे तसली मर्यादाच नाही.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे फाइलच्या नावात स्टार (*) टाकला की फोल्डरमधल्या बारा महिन्यांच्या बारा फाइल्स एका क्वेरीत (प्रश्नात) येतात, आणि जीझिप करून आकार कमी केलेली सीएसव्ही सुद्धा न सोडवता वाचतं. नवीन डेटा हातात आला की आधी समराइझ (SUMMARIZE) ही कमांड चालवा, प्रत्येक कॉलमचं मिनिमम, मॅक्सिमम, किती रिकामे सगळं दिसतं, फार कामाचं आहे हे.

एका गोष्टीला जपा. शून्याने सुरू होणारे कोड असतील तर ते कधीकधी आकडा समजले जाऊन सुरुवातीची शून्यं उडू शकतात, तेव्हा सगळे कॉलम टेक्स्ट म्हणून वाचायचा ऑल व्हारचार (all_varchar) ऑप्शन द्यायचा. ऑक (awk, मजकूर ओळीओळीने चाळणारं कमांड टूल) वापरायची सवय असलेल्यांनी साध्या लॉग फाइलींसाठी ऑकच वापरावं, पण दोन फाइल्स जॉइन करायच्या (समान कॉलमवरून जोडायच्या) असतील तर डकडीबीच.